वाचक विचारतात : जुना संगणक, परका मॉनिटर

प्रश्न : मामांनी कुवेतहून आणलेला कमोडोर ६४ (१९८० च्या दशकातला घरगुती संगणक) आमच्याकडे आहे. अँटेनाच्या वायरने नव्या एलईडी टीव्हीला जोडला, तर ऑटो-सर्चमध्ये काहीच येत नाही. मग म्हापशाहून आरसीए-व्हीजीए केबल (एका टोकाला टीव्हीचे गोल रंगीत प्लग, दुसऱ्याला कॉम्प्युटर मॉनिटरचा) आणली. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर फक्त 'नो सिग्नल'. मशीन गेले का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : एवढ्यावरून मशीन गेले असे म्हणता येत नाही; केबलचे पैसे मात्र गेले. कमोडोर सेकंदाला सुमारे १५,६२५ रेषा काढतो आणि व्हीजीए मॉनिटरला निदान ३१,००० च्या आसपास लागतात. त्या केबलमध्ये नुसत्या तारा असतात. रेषा दुप्पट करणारे सर्किट आत नसेल, तर टोकाचा प्लग कोणताही असो, चित्र येणार नाही.

मॉनिटरच्या आधी पॉवर सप्लाय तपासा. हा जुना ठोकळा बिघडला की त्याचे ५ व्होल्ट वर चढतात आणि मेमरीच्या चिप जळतात. प्लग संगणकातून काढून ठेवा आणि त्याच्या मधल्या पिन २ व शेजारच्या पिन ५ मध्ये मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. कडेच्या ६ आणि ७ वर ९ व्होल्ट एसी असते, तिकडे प्रोब घसरू देऊ नका. ५.२५ च्या वर आकडा दिसला तर तो ठोकळा पुन्हा लावायचा नाही.

आता चित्र. मागच्या ८ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये पिन ४ वर कंपोझिट व्हिडिओ (उजेड आणि रंग एकाच तारेत), ३ वर आवाज आणि २ ला अर्थ (ग्राउंड) असते. सुरुवातीच्या ५ पिनी मशीनवरही हेच नंबर. पिवळ्या आरसीएची मधली तार ४ ला, पांढऱ्याची ३ ला, दोघांच्या बाहेरच्या तारेच्या जाळ्या २ ला. प्लगवर सोल्डरच्या बाजूला बारीक नंबर कोरलेले असतात. समोरून मोजाल तर आरशातल्यासारखे उलटे होईल. नव्याने केबल करणारे हमखास इथेच फसतात.

नव्या टीव्हीवर पिवळे भोक नसून ३.५ मिमीचा एव्ही जॅक असेल, तर सेट-टॉप बॉक्सची केबल चालेलच असे नाही. चार कड्यांतली व्हिडिओची आणि अर्थची कडी कंपनीप्रमाणे बदलते. चित्र नाही आणि स्पीकरमध्ये घरघर, हे त्याचेच लक्षण. आरसीएची बाहेरची रिंग कोणत्या कडीशी जुळते ते मल्टिमीटरने पाहा आणि टीव्हीच्या पुस्तिकेशी ताडा.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे सीसीटीव्हीवाल्यांकडचा बीएनसी इनपुट (पिळून अडकवायचा गोल प्लग) असलेला छोटा मॉनिटर आणि आरसीए-बीएनसी अडॅप्टर. कुणाकडे एस-व्हिडिओचा (उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून घेणारा) जुना टीव्ही असेल तर ८ पिनी मशीनवर पिन १ उजेडाची, ६ रंगाची. रंगाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर मात्र घाला. कमोडोरचा रंगसंकेत एस-व्हिडिओच्या मानाने जोरकस असतो. रेझिस्टर नसेल तर रंग कडेबाहेर सांडतात. अक्षरांचा फरक पाहिलात की कंपोझिटकडे परत जावेसे वाटणार नाही.

अँटेनाच्याच वायरने जोडायचे असेल तर टीव्ही अॅनालॉग मोडमध्ये घेऊन ५९१.२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनेल ३६ वर, हाताने ट्यून करा. चित्र वाळूसारखे दिसते, त्यामुळे हा शेवटचा उपाय.

प्रश्न : शाळेच्या अडगळीत 'क्लास' या सरकारी शालेय संगणक योजनेतला बीबीसी मायक्रो संगणक सापडला. त्याला कोणता मॉनिटर? — एक शिक्षक, फोंडा

उत्तर : आधी सुरू करू नका! त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सवर कागदी कपॅसिटर असतात. त्यांचे आवरण तडकते, आत दमट हवा शिरते आणि आपल्याकडच्या चार पावसाळ्यांनंतर ते धूर सोडून मोकळे होतात. टीव्ही मेकॅनिककडून ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे एक्स२ वर्गाचे (थेट मेन्सवर चालणारे) नवे बसवून घ्या.

त्यानंतर काम हलके आहे. मागे बीएनसी व्हिडिओ सॉकेट आहेच, सीसीटीव्ही मॉनिटरला सरळ जोडा. चित्र कृष्णधवल येईल. हा दोष नाही, मूळ रचनाच तशी आहे, आणि ८० कॉलमची (एका ओळीत ८०) अक्षरे त्यामुळेच वाचता येतात. चित्र थरथरले तर *टीव्ही ०,१ ही आज्ञा (अर्थात इंग्रजी अक्षरांत) देऊन मोड बदला. रंग हवेतच तर ६ पिनी आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगळे देणाऱ्या) सॉकेटवरून जीबीएस-८२०० या रेषा वाढवणाऱ्या बोर्डामार्गे व्हीजीए. १, २, ३ लाल-हिरवा-निळा, ४ सिंक (चित्र जागेवर धरणारा संकेत), ५ अर्थ. चारही संकेतांच्या तारांत प्रत्येकी ४७० ओहमचा रेझिस्टर घाला. चित्र फिके वाटले तर तिन्ही रंगांत ३३०, सिंकला ४७० च राहू द्या. पिन ६ वर ५ व्होल्ट असतात, ती मोकळी सोडा.

प्रश्न : पावसात प्लगवर हिरवट थर येतो. पॉलिश पेपरने घासू का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : नको, मुलामा निघून जातो आणि पुढच्या वर्षी थर दुप्पट चढतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. जून ते सप्टेंबर मशीन निळ्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुड्या गुलाबी झाल्या की बदला.