'अमानवी व्यक्ती' म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा होता की अर्जेंटिनातल्या सँड्रा नावाच्या ओरांगउटानबद्दल मराठीत 'कोर्टाने माकडाला अमानवी व्यक्ती ठरवलं' असं वाचलं, तर हे बरोबर आहे का.

अहो, अमानवी म्हटलं की आपल्याला अत्याचार आठवतात! 'अमानवी वागणूक', 'अमानुष मारहाण' असंच आपण रोज वाचतो, त्यामुळे बिचारी सँड्रा एकदम गुंड वाटायला लागते. इथे 'मानवेतर' म्हणा, माणूस सोडून इतर, विषय संपला.

आता 'व्यक्ती'. बोलताना आपण माणसालाच व्यक्ती म्हणतो म्हणून ते खटकतं, पण कायद्यात तसं नाहीये, आपल्याकडे कंपनी व्यक्ती असते, देवळातली मूर्तीसुद्धा असते, तिच्या नावावर जमीन असते आणि तिच्या वतीने कोणीतरी कोर्टात उभा राहतो. म्हणजे ज्याला स्वतःचे हक्क असू शकतात तो, किंवा ती, कारण व्यक्ती हा शब्द कायम स्त्रीलिंगीच. सँड्राला २०१५ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या न्यायाधीश एलेना लिबेरातोरी यांनी मानवेतर व्यक्ती मानलं ते याच अर्थाने. तिला 'मानवी हक्क' मिळाले असं मात्र लिहू नका, मतदान वगैरे कोणी मागितलं नव्हतं :)

अर्जेंटिनातल्याच मेंदोसा शहरातल्या झूमध्ये सेसिलिया ही चिंपांझी होती, सोबतचे दोघं मेल्यावर एकटीच राहिलेली, तिच्यासाठी तर चक्क हेबिअस कॉर्पस मंजूर झालं, २०१६ ला. पाठ्यपुस्तकी मराठीत बंदी प्रत्यक्षीकरण, म्हणजे कोंडून ठेवलेल्याला कोर्टापुढे हजर करा. पण तिला कोणी जंगलात सोडलं नाही, २०१७ ला ब्राझीलमधल्या सोरोकाबाच्या केंद्रात नेलं, तिथेही कुंपण आहेच, म्हणून 'अभयारण्यात मुक्त केलं' हे भाषांतर मला पटत नाही, अभयारण्य म्हटलं की डोळ्यापुढे राधानगरी येतं. सरळ 'निवारा केंद्रात हलवलं' म्हणावं.

आणि हो, ते 'माकड' पण चूक. आपलं माकड लाल तोंडाचं, वानर काळ्या तोंडाचं नि लांब शेपटीचं, ओरांगउटानला शेपूटच नसते. काही जण 'महाकपि' लिहितात, पण कपि म्हटलं की आधी मारुतीच आठवतो, त्यामुळे मी तरी सरळ ओरांगउटान, चिंपांझी असंच लिहितो आणि सगळ्यांना मिळून म्हणायचं असेल तर एप.