रॉकबिलीतला 'बिली' कोण?

फॅब्युलस थंडरबर्ड्स या अमेरिकी बँडच्या 'टफ इनफ' या अल्बमविषयी वाचताना एका मित्राला 'रॉकबिलीची छाप असलेला ब्लूज रॉक' असं वर्णन सापडलं. त्याने विचारलं आहे : हा बिली कोणी वादक होता का? आणि या शब्दाला मराठीत काय म्हणायचं?

बिली नावाचा कोणी वादक नाही. 'रॉक'ला 'हिलबिली' या शब्दाचं शेपूट जोडलं की झाला रॉकबिली हा शब्द, म्हणजे एका संगीतशैलीचं नाव. हिलबिली म्हणजे अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगररांगांतला गावकरी, पण हे नाव शहरवाल्यांच्या तोंडी हिणवण्यासाठीच यायचं. मुंबईत 'घाटी' ज्या सुरात म्हणतात ना, अगदी तसं. अर्थ पाहिला तर नुसता 'घाटावरचा'. टोचतो तो सूर. १९२०च्या दशकात फिडल-बँजोवरच्या गावरान गाण्यांच्या रेकॉर्डी 'हिलबिली' म्हणूनच विकल्या गेल्या. 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत साप्ताहिकाने १९४९मध्ये अशा गाण्यांसाठी 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव घेतलं.

या शब्दाची फोड ऐकायचीच असेल, तर एल्व्हिस प्रेस्लीची मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने १९५४मध्ये काढलेली पहिली तबकडी ऐका. एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचं ब्लूज, म्हणजे ज्यातून रॉक घडलं त्या शैलीतलं गाणं; दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास, म्हणजे हिलबिलीच्याच घराण्यातलं. ड्रम नाहीतच. एल्व्हिसचा साथीदार बिल ब्लॅक उभ्या बास या मोठ्या तंतुवाद्याची तार बोटाने ओढून सोडतो, ती लाकडावर आपटते आणि त्या 'थप्प'वर सगळा ठेका उभा राहतो. मला रॉकबिलीची खरी ओळख त्या आवाजातच सापडते.

'टफ इनफ' त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९८६मध्ये आला. फॅब्युलस थंडरबर्ड्स हा टेक्सासमधल्या ऑस्टिनचा बँड : जिमी वॉनची गिटार, किम विल्सनचा आवाज आणि हार्मोनिका. मुळात ब्लूजवाले. निर्माता मात्र वेल्सचा डेव्ह एडमंड्स, ज्याने 'स्ट्रे कॅट्स' या रॉकबिली त्रयीच्या पहिल्या अल्बमलाही हात लावला होता. त्या वर्णनातला रॉकबिली हा शब्द त्यामुळे उगाच आलेला नाही.

आता प्रतिशब्द. माझं मत स्पष्ट आहे : रॉकबिलीच ठेवावं. 'डोंगरी रॉक' म्हटलं तर डोंगर येतो, पण हिणवणुकीचा शब्द अभिमानाने मिरवण्याचा सगळा इतिहास गळून जातो. लिंगाचं म्हणाल तर 'शैली' मनात असते म्हणून 'रॉकबिली वाजवली' हेच जिभेवर सहज येतं, आणि ते बरोबर वाटतं.

जाता जाता, अल्बमच्या नावाविषयी. ते इंग्रजीत मुद्दाम उच्चाराबरहुकूम लिहिलं आहे, दोन्ही शब्दांतलं 'ओयूजीएच' काढून 'यूएफएफ' घातलंय. देवनागरीत ही गंमत दिसतच नाही, कारण आपण 'पेपर टफ गेला'मधला टफ पहिल्यापासून असाच लिहितो. मराठीत या अल्बमवर लिहिताना ते स्पेलिंग एकदा शब्दांत सांगावंच लागतं.