सिस्टीम इमेजवरून व्हर्च्युअल मशीन सुरू करताना
दादरच्या कार्यालयातील जुना संगणक निकामी होण्याआधीच तुम्ही त्याची विंडोज सिस्टीम इमेज (विंडोज, प्रोग्रॅम आणि फाइल्स यांची एकत्रित बॅकअप प्रत) घेऊन ठेवलीत, हे फार चांगले केलेत. आता ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने चालणाऱ्या संगणकात, कशी सुरू करायची हा तुमचा प्रश्न आहे. मात्र त्यातील व्हीएचडीएक्स फाइल (व्हर्च्युअल डिस्कची फाइल) थेट व्हर्च्युअल मशीनला जोडून विंडोज सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण हा बॅकअप प्रत्येक व्हॉल्यूमची (डिस्कच्या विभागाची) स्वतंत्र फाइल बनवतो आणि बूटसाठी, म्हणजे विंडोज सुरू होण्यासाठी, लागणारा भाग बहुधा दुसऱ्याच फाइलमध्ये असतो. त्याऐवजी निदान मूळ डिस्कएवढी रिकामी डिस्क देऊन नवे मशीन तयार करा, विंडोजच्या आयएसओवरून (इन्स्टॉलेशन डिस्कच्या फाइलवरून) ते चालू करा आणि दुरुस्तीच्या पर्यायांतून ‘सिस्टीम इमेज रिकव्हरी’ निवडा. मूळ संगणक यूईएफआयचा (संगणक सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीचा) असल्यास हायपर-व्हीमध्ये (विंडोजच्या व्हर्च्युअल मशीन सुविधेत) मशीनचा जनरेशन २ हा प्रकार घ्यावा, जुन्या बायोस पद्धतीचा असल्यास जनरेशन १. ही निवड नंतर बदलता येत नाही. बॅकअपची मूळ प्रत कपाटातच राहू द्या आणि सर्व प्रयोग तिच्या नकलेवर करा.