डिपॉझिट: पतसंस्थेतलं आणि जमिनीतलं

प्रश्न: मी सांगलीजवळ एका पतसंस्थेत काउंटरला बसते, दिवसभर डिपॉझिट डिपॉझिट चालू असतं. मुलगी बीएस्सीला जिऑलॉजी घेऊन शिकतेय, तिच्या पुस्तकात पण पानापानावर डिपॉझिट, कुठे मँगनीजचं, कुठे नदीचं. ती म्हणाली आई, हे तुझंच डिपॉझिट का गं? मला नीट सांगता आलं नाही. शब्द एकच आहे का? तिला मराठीत नोट्स काढायच्यात, तर "ठेव" लिहिलं तर चालेल का? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर: ताई, शब्द एकच आहे, अगदी एका मुळाचा. पण नोट्समध्ये ठेव नको लिहू म्हणावं तिला, का ते सांगतो.

मूळ लॅटिन आहे. तिथे 'देपोनेरे' म्हणजे खाली ठेवणं आणि 'देपोझितुम' म्हणजे खाली ठेवलेली, कुणाकडे तरी सोपवलेली वस्तू. ह्याच देपोझितुमवरून फ्रेंचमध्ये डेपो झाला, म्हणजे तुम्ही एसटीच्या डेपोत जाता तो शब्द पण ह्याच घरातला, आणि एसटीने त्याला आगार म्हटलंय ते मला फार आवडतं कारण आगार म्हटलं की गाड्या रात्री येऊन मुक्कामाला थांबतात ते डोळ्यासमोर येतं.

तर इंग्रजीत खाली ठेवलेलं किंवा खाली बसलेलं काहीही असो, ते डिपॉझिट. ते कोणी ठेवलं, परत न्यायला कोणी येणार आहे का, ह्याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. मराठीत मात्र आपण नेमकं तेच आधी बघतो, आणि त्यावरून शब्द बदलतो.

तुमच्या काउंटरवर माणूस स्वतः पैसे ठेवतो आणि मुदत संपली की परत मागायला येतो, म्हणून ती ठेव. मुदत ठेव, आवर्ती ठेव, ठेवीदार, ठेवपावती. वीजबिलावर सुरक्षा ठेव असते ती पण त्यातलीच. निवडणुकीत उमेदवार भरतो ती अनामत, लोकसभेला 25 हजार आणि विधानसभेला 10 हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत की ती जप्त होते, पण गावात कोणी अनामत जप्त झाली म्हणत नाही, डिपॉझिट गेलं म्हणतात. अनामत हा शब्द मुळात अरबी अमानत, आपल्याकडे येताना अक्षरं उलटसुलट झाली. (ठेवीचा विषय निघालाच आहे तर एक मनापासून सांगतो, बँकेतल्या ठेवीला दर बँकेमागे दर ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा आहे, 2020 च्या फेब्रुवारीपासून, त्याआधी 1 लाख होता. सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. काउंटरवर म्हाताऱ्या माणसांनी विचारलं तर त्यांना हे स्पष्ट सांगत जा.)

आता मुलीचं डिपॉझिट. गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवून ठेवली की थोड्या वेळाने वरचं पाणी नितळ होतं आणि तळाला गाळ बसतो, तो बसलेला गाळ म्हणजे डिपॉझिट. नदी हेच करते फक्त तुरटीशिवाय, पाण्याचा जोर असतो तोवर सगळं वाहून नेते आणि जोर कमी झाला की आधी गोटे सोडते, मग वाळू, आणि सगळ्यात शेवटी ती बारीक चिकण माती. 2019 च्या पुरानंतर तुमच्या भागात घराघरात जो चिखल उपसला तो ह्या शेवटच्या जातीचा, पाणी घरात शिरलं आणि थांबलं म्हणून तो तिथे बसला. ह्याला ठेव म्हणवेल का? कोणी ठेवलेला नाही आणि न्यायला पण कोणी येणार नाही. तो गाळ, आणि बसण्याच्या क्रियेला भूगोलात निक्षेपण किंवा संचयन म्हणतात. गीझरच्या कॉईलवर पांढरा थर दिसतो त्याला पण इंग्रजीत डिपॉझिट, आपण म्हणतो क्षार साचले.

खनिजाचं अजून वेगळं. नागपूर-भंडाऱ्याकडचं मँगनीज हे फार पूर्वी पाण्याच्या तळाशी थराथराने बसलं, नंतर उष्णता आणि दाबाने त्याचं रूप पालटलं, म्हणजे सुरुवात गाळासारखीच. पण कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यावरचं बॉक्साइट घ्या, तिथे कोणी काही आणून टाकलेलंच नाही, पावसाने लाखो वर्षं खडकातली सिलिका आणि बाकीचं धुऊन नेलं आणि ॲल्युमिनियमवालं तेवढं मागे राहिलं. म्हणजे ते उरलेलं आहे, तरी इंग्रजीत नाव डिपॉझिटच! म्हणून मराठीत खनिजाला साठा म्हणतात ते बरोबर आहे, कारण कसा का झाला असेना, एका जागी गोळा झालेला माल म्हणजे साठा.

दोन्हीकडे चालेल असा एक शब्द आहे मात्र, निक्षेप. संस्कृतात नि म्हणजे खाली आणि क्षिप् म्हणजे टाकणं, लॅटिनसारखीच घडण. मनुस्मृतीत वादाचे जे 18 विषय दिलेत त्यात कर्जानंतर दुसराच निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या हिंदी नावात आजही निक्षेप बीमा असंच आहे, आणि तोच शब्द मराठी भूशास्त्रात गाळाला आणि खनिजाला वापरतात. पण तुम्ही काउंटरवर कोणाला निक्षेप किती करायचा विचारलंत तर समोरचा माणूस बघत राहील, तिथे ठेवच म्हणा.

मुलीला एवढं सांगा, नदीचं असेल तर गाळ किंवा निक्षेप लिही, खनिजाचं असेल तर साठा किंवा निक्षेप, आणि परीक्षेत साठा लिहिताना जरा जपून, कारण तिच्या पुस्तकात रिझर्व्ह पण येणार आणि त्यालाही मराठीत साठाच म्हणतात. डिपॉझिट म्हणजे जमिनीत आहे ते सगळं, आणि रिझर्व्ह म्हणजे त्यातलं आजच्या भावात आणि आजच्या यंत्रांनी काढायला परवडेल तेवढंच. भाव पडला की रिझर्व्ह कमी होतो, डिपॉझिट आहे तेवढंच राहतं. म्हणून तिने पहिल्याला निक्षेप आणि दुसऱ्याला काढण्याजोगा साठा असं लिहिलं तर तपासणाऱ्याला फरक लगेच कळेल.