मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी टेप घेऊन बागेत जा

प्रश्न : संगमनेर तालुक्यात साडेतीन एकर रान आहे. दीड एकर डाळिंब १५ बाय १० फुटांवर, बाकी कांदा आणि थोडी बाजरी. भाड्याचा ट्रॅक्टर ऐन वाफशाला (मशागतीजोगी ओल असताना) मिळत नाही म्हणून २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घ्यायचं चाललंय. सोबत पलटी नांगर, ५ फुटी रोटर (रोटाव्हेटर), फवारणीचा ब्लोअर आणि ट्रॉली एकदमच घेऊ का?

उत्तर : दादा, ट्रॅक्टर तुम्ही बरोबर निवडताय पण अवजारांची यादी मला पटली नाही. पैसे तिथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार. ५ फुटी रोटर २४ एचपीला झेपत नाही. ढोबळ हिशोब असा की रोटरच्या एका फुटाला सहा-सात एचपी धरायची, म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरला साडेतीन, फार तर चार फुटी. त्यातही कंपनी बॉनेटवर लिहिते ती इंजिनची ताकद, रोटर आणि ब्लोअर फिरतात पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा दांडा) आणि तिथे येईपर्यंत दोन-चार एचपी कमी झालेली असते, तेव्हा माहितीपत्रकात पीटीओ एचपीचा आकडा शोधा आणि त्यावरच बोला. रोटरची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा थोडी जास्तच हवी, नाहीतर चाकाच्या चाकोऱ्या तशाच राहतात आणि कांद्याचे वाफे नीट होत नाहीत.

जड अवजाराचं काय होतं ते आमच्याच घरी बघितलंय. १८ एचपीच्या ट्रॅक्टरला विकणाऱ्याने चार फुटी रोटर लावून दिला, म्हणाला आरामात चालतो. रोटर उचलून बांध चढताना पुढची दोन्ही चाकं हातभर वर आली, भाऊ स्टेअरिंग फिरवतोय आणि ट्रॅक्टर काही वळत नाही, मी बांधावर उभा राहून नुसता ओरडतोय. त्याने क्लच दाबला म्हणून पुढचं खाली बसलं. नंतर आम्ही पुढे वजनं लावली आणि रोटर बदलून तीन फुटी घेतला. म्हणून कोटेशनमध्ये पुढची वजनं आहेत का ते आधीच विचारा, पुष्कळदा ती वेगळी घ्यावी लागतात.

पलटी नांगर घेऊच नका. खोल नांगरट वर्षाआड एकदा, ती भाड्याच्या ५० एचपीवाल्याकडून उन्हाळ्यात करून घ्या, तेव्हा त्यालाही काम कमी असतं. पण ती करायची मात्र नक्की, कारण दरवेळी रोटरच फिरवत राहिलं की खाली घट्ट थर बसतो, पाणी मुरत नाही आणि कांद्याच्या मुळ्या कुजायला लागतात. रोजच्या कामाला पाच फणांचा हलका कल्टिव्हेटर पुरे.

आता डाळिंबाचं, आणि हे मनापासून सांगतोय की बागेत रोटर खोल घालू नका. डाळिंबाच्या अन्नमुळ्या वरच्या थरात असतात, त्या तुटल्या की जखमेतून मर रोगाची बुरशी शिरते आणि एक झाड गेलं की शेजारची लागतात. ओळीच्या मधलं गवत कापायचं तर ग्रास कटर घ्या, तोही पीटीओवरच चालतो.

ब्लोअर मात्र घ्या. मृग बहार (पावसाळ्यात फुलणारा) धरत असाल तर पाऊस उघडला की तेल्या रोगासाठी फवारणी लगेच हवी, रान ओलं असतं आणि टू व्हील ड्राइव्ह जागेवर घसरतो, फोर व्हीलचे जादा पैसे वसूल होतात ते तिथे. पण २०० लिटरचा मागे उचलायचा ब्लोअर म्हणजे २०० किलो नुसतं पाणी, वर पंप-पंख्याचं वजन, तेव्हा लिफ्ट किती किलोची आहे ते बघूनच टाकी ठरवा.

आणि सगळ्यात आधी टेप घेऊन बागेत जा. दोन ओळींत १५ फूट अंतर असलं तरी फळं लागून फांद्या वाकल्यावर मधे मोकळं किती उरतं ते मोजा, पाच-सहा फूटच निघेल. ओळीच्या टोकाला वळायला १०-१२ फूट आहेत का ते बघा. डेमो शोरूमच्या अंगणात बघू नका, तुमच्या बागेत मागे अवजार लावून शेवटच्या झाडापाशी वळवून दाखवायला सांगा. पीटीओ शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर असल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ देऊ नका, उपरण्याचं टोक अडकलं तरी माणूस ओढला जातो.

प्रश्न : संगमेश्वरजवळ आमची दोन एकर जागा आहे, खाली ३० गुंठे भाताची खाचरं आणि वर उतारावर काजू. मुंबईहून कायमचे परत आलोय. मी स्वतः चालवणार आहे. कुठला मिनी ट्रॅक्टर घेऊ?

उत्तर : ताई, तुमच्या जागेला ट्रॅक्टर नको. पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं म्हणजे प्रत्येक बांध ओलांडताना जीव मुठीत, आणि मिनी ट्रॅक्टरची दोन चाकं एकमेकांच्या जवळ असतात त्यामुळे काजूच्या उतारावर आडवा चालवला आणि वरचं चाक दगडावर चढलं तर उलटायला वेळ लागत नाही. १२-१३ एचपीचा पॉवर टिलर बघा, चिखलणीला लोखंडी केजव्हील (पिंजऱ्यासारखी चाकं) लावायची, वाटेला लागलात की ट्रेलर. पण तो हातात घेऊन बघा, चिखलात दोन्ही हातांनी आवरायला चांगलाच जोर लागतो आणि वळताना दांडी अंगावर येते. नाही झेपला तर चिखलणी गावातल्या टिलरवाल्याकडून करून घ्या, ३० गुंठ्यांचं काम फार नाही, आणि स्वतःसाठी एक पॉवर वीडर आणि खांद्याला लावायचा ग्रास कटर घ्या. काजूच्या बुंध्याभोवती साफसफाई करायची तर शेवटी हेच दोन हातात राहतात.

प्रश्न : अनुदान नक्की कसं मिळतं? डीलर म्हणतो आधी उचला, नंतर फॉर्म भरू.

उत्तर : असं अजिबात करू नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, निवड झाली की कागदपत्रं चढवायची, पूर्वसंमतीचं पत्र हातात आलं की मगच खरेदी. त्याआधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान गेलं समजा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे, ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं ९० टक्के अनुदानावर, साडेतीन लाखांच्या मर्यादेत, म्हणजे गटाचे स्वतःचे ३५ हजार. गटात किमान ८० टक्के सभासद त्या घटकातले लागतात. आणि कोटेशन जुनं असेल तर नवं मागा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तो फरक किमतीत उतरलाय का ते डीलरसमोर बसून ओळ न् ओळ तपासा.