गवत आधी, चर मग

कारंजा लाड
आषाढ

बेटा,

तुझ्या बाबांचा फोन आला होता. तुला कुरण आणि पाणलोट हाच विषय शिकायचाय, आणि घरात सगळे विचारतायत की याची डिग्री तरी असते का कुठे. असते. अमेरिकेत वायोमिंग विद्यापीठात कुरणांचं परिस्थितिशास्त्र आणि पाणलोट व्यवस्थापन एकाच पदवीत शिकवतात. आपल्याकडे त्याचे तुकडे पडलेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्र वेगळं, मृद व जलसंधारण अभियांत्रिकी वेगळी. ढोरांचं खाणंपिणं नागपूरच्या पशुवैद्यकवाल्यांकडे, आणि चाऱ्यावर संशोधन करणारी मोठी संस्था पार झाशीला, १९६२ पासून. कोणत्याही दारानं शीर, बाकीचे तुकडे तुलाच गोळा करावे लागतील. फक्त एक सांगतो, अभियांत्रिकीच्या दारानं येणाऱ्यांना गवत दिसत नाही. मी त्यातलाच.

नोकरीत नवा होतो. एका गायरानाच्या टेकडीवर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडव्या, एका पातळीतल्या नाल्या, खणायचं काम आलं. ए-फ्रेमनं, म्हणजे समपातळी दाखवणाऱ्या 'ए' आकाराच्या सांगाड्यानं, आखणी केली, चुन्याच्या रेषा मारल्या, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल असे चर काढले. पहिल्याच जोराच्या पावसात तुडुंब भरले. मी खूश, फोटो काढले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गेलो तर भरावाच्या मुरमावर नुसता तरोटा आणि रानतुळस. गावची गुरं राखणारा ढोरकी काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. म्हणाला, "सायेब, पवन्या तं खणून टाकला तुमी. आता ढोरं काय खातीन, तुमच्या नाल्या?"

पवन्या कशाला म्हणतात हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंच न खणलेल्या पट्ट्यात नेऊन त्या गवताचा एक ठोंब दाखवला. बूड बोटांनी फाकवलं, तर खाली भुसभुशीत ओल आणि गांडुळांच्या मातीच्या गोळ्या. शेजारच्या चरात उतरलो. तळाला गाळाची साय धरून ती वाळून तडकली होती, खाली कोरडं. पाणी अडलं होतं, मुरलं फार थोडं. ठोंबांनी मात्र कुणी न सांगता, बिनमजुरीचं, दोन्ही कामं चालवली होती.

म्हणून चर वाईट, असं समजू नकोस. मुरूम उघडा पडलेल्या उतारावर ते खणावेच लागतात. पण जिथं पवन्या, मारवेल, डोंगरी गवत तग धरून आहे, तिथं आधी दोन पावसाळे चराईबंदी करून बघावी. झाडं लावायची घाईही नको. सातबाऱ्यावर "पडीक" लिहिलं म्हणून जागा रिकामी होत नाही. आपल्या भागातला तणमोर पक्षी अशाच गवतात पावसाळ्यात अंडी घालतो, आणि कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य हे मुख्यतः गवताळ रानच आहे.

चराईबंदी म्हणायला सोपी. गावात ती बोलायची तर किती गवतावर किती ढोरं जगतात हा हिशोब हातात पाहिजे, आणि तो पहिल्या वर्षापासून करायला लाग. पोळा झाला, गवत फुलोऱ्यावर आलं, की एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकायची, आतलं कापायचं, वाळवायचं, तोलायचं. अशा निदान दहा चौकटी, चांगल्या जागा न निवडता. समज, सरासरी दोनशे ग्रॅम निघालं. म्हणजे हेक्टरी दोन टन. त्यातलं अर्धं उतारावरच राहू द्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी मुळांना जोर राहत नाही. उरलं एक टन. पावणेतीनशे-तीनशे किलोची गाय दिवसाला सात किलोच्या आसपास सुका चारा खाते, वर्षाला अडीच टन. एका गायीला अडीच हेक्टर झाले. आता गावाचं ई-क्लास, म्हणजे सरकारी चराऊ जमीन, किती आणि आखरावर, गावची ढोरं गोळा होतात तिथं, सकाळी ढोरं किती उभी राहतात, ते तूच मोज. आकडा बघून घाबरशील. ग्रामसभेत तो नुसता फेकू नकोस. ज्याच्या दोनच शेळ्या आहेत तो सगळ्यात आधी उठेल, आणि त्याचं बरोबर असेल.

ढोरक्यांशी मैत्री कर. कुसळी गवत केव्हा चारायचं आणि केव्हा टाळायचं हे त्यांना नक्षत्रांवरून कळतं. कोवळं असताना ढोरं ते आवडीनं खातात, कुसळं धरली की तोंड घालत नाहीत. एक पिकलं कुसळ तळहातावर घेऊन त्यावर थुंकीचा थेंब टाक. स्वतःभोवती पीळ सोडत फिरायला लागतं. बी अशीच मातीत भोक पाडून शिरते. मी हे पन्नाशीत पहिल्यांदा बघितलं, लाज वाटली.

आणि पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात काम मिळालं, तर इथलं शिकलेलं जसंच्या तसं नेऊ नकोस. तिथं जमिनीखालचं पाणीच खारं. "पाणी मुरवा" हा आपला मंत्र तिथं थिटा पडतो. पावसाचं गोड पाणी शेततळ्यात वरच धरून ठेवावं लागतं.

भादव्यात ये. विळा आणि तोलकाटा माझ्याकडे आहे. चौकट मात्र तुझी तू बनवून आण, चार काड्या आणि सुतळी पुरते. आणि जाड जीनची पँट घाल. सलवारीत शिरलेली कुसळं काढता काढता संध्याकाळ होते.

तुझा काका