वाचकांचे प्रश्न : तिला विचारले होते का?

प्रश्न : आमच्या विभागाला परदेशातील कार्यालयाच्या प्रमुखपदासाठी एक नाव सुचवायचे आहे. कामाच्या दृष्टीने सर्वांत योग्य असलेल्या सहकारी विवाहित आहेत आणि त्यांचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्यांना पेचात टाकण्यापेक्षा दुसरे नाव द्यावे, असे माझ्या वरिष्ठांचे मत आहे. मी काय करावे? – एक वाचक

उत्तर : आपल्या पत्रात त्या सहकारी बाईंच्या कामाचे कौतुक आहे, त्यांच्या मुलाचे वय आहे आणि वरिष्ठांचे मतही आहे; त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र कुठेच नाही. त्यांना अजून कोणी विचारलेलेच नसावे. काही वर्षांपूर्वी एका निवड समितीवर काम करताना माझ्या हाती आलेल्या यादीत एकमेव स्त्री उमेदवाराच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘घरचे काय?’ असे लिहिलेले होते. त्याच यादीतील दोन पुरुषांची मुले तिच्या मुलांहून लहान होती, पण त्यांच्या नावांपुढचा समास कोरा होता. लिहिणारा माणूस दुष्ट नव्हता. आपण तिची काळजी घेत आहोत, अशीच त्याची प्रामाणिक समजूत होती.

ही काळजी एके काळी चक्क नियमांत लिहिलेली असे. ब्रिटनच्या परराष्ट्र सेवेत लग्न करणाऱ्या स्त्रीला १९७३ पर्यंत नोकरी सोडावी लागत होती. भारतीय परराष्ट्र सेवेतील स्त्रीला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असे सरकारला वाटल्यास लग्नानंतर तिला राजीनामा द्यायला सांगता येत असे. या सेवेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९७९ साली निकाल लागला तोवर त्यांना बढती मिळालेली असल्याने याचिका फेटाळली गेली, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील भेदभावावर कडक ताशेरे ओढले. नियम पुस्तकातून गेला. समासातली पेन्सिल अजून चालूच आहे.

‘स्त्रियांनाच परदेशी जायचे नसते’ हा युक्तिवाद कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाच्या नॅन्सी ॲडलर यांनी १९८० च्या दशकात तपासून पाहिला. व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना आंतरराष्ट्रीय कामाची इच्छा मुलांइतकीच असल्याचे त्यांना आढळले. परमुलखातील लोक स्त्री अधिकाऱ्याला मानणार नाहीत, ही भीतीही बव्हंशी फोल ठरली, कारण तेथील लोक तिच्याकडे आधी परदेशी अधिकारी म्हणून पाहत होते आणि स्त्री म्हणून नंतर. मोठा अडसर होता तो पाठवणाऱ्या कंपन्यांच्या मनात.

तेव्हा आपण त्यांना विचारावे, पण जाता-येता, ‘तुम्हाला काही जमायचे नाही ना?’ अशा सुरात नव्हे. पदाची मुदत, पगार, राहण्याची सोय, मुलाच्या शाळेचा खर्च कोण उचलणार आणि परतल्यावर कोणते काम मिळणार, हे सारे कागदावर त्यांच्यापुढे ठेवून विचार करण्यास काही दिवस द्यावेत, आणि हाच कागद यादीतील पुरुषांनाही द्यावा. बाईंनी नकार दिला, तर तो या वेळेपुरता समजावा. पुढच्या वर्षी मूल पाच वर्षांचे होईल, घरची परिस्थितीही बदललेली असेल, म्हणून पुन्हा विचारावे.

प्रश्न : मला परदेशातील तीन वर्षांची नेमणूक मिळाली आहे. पती सोबत येण्यास तयार आहेत, पण तिथे त्यांना काम करता येईल की नाही, हे कोणीच नीट सांगत नाही. – एक वाचिका

उत्तर : होकार कळवण्याआधी या एका प्रश्नाचे लेखी उत्तर मिळवावे, कारण तीन वर्षे रिकामे बसावे लागलेल्या जोडीदारामुळे चांगल्या नेमणुका अर्धवट सोडलेल्या मी पाहिल्या आहेत. देशागणिक आणि व्हिसागणिक नियम वेगळे असतात. युरोपीय संघाच्या ब्ल्यू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या परवान्यावर, गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा असते. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराला सरसकट अशी मुभा नाही. ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली असेल तरच २०१५ पासून जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. आपली नेमणूक राजनैतिक स्वरूपाची असेल, तर दोन देशांमध्ये जोडीदाराच्या नोकरीविषयी करार आहे का, हे पाहावे. परवान्याचा अर्ज, वकिलाचा खर्च आणि पतींच्या क्षेत्रातील ओळखी करून देणे, हे संस्थेकडे निःसंकोच मागावे. पुरुष अधिकाऱ्यासोबत जाणारी पत्नी नोकरी सोडणारच, असे धरून ज्या काळी व्यवस्था आखल्या गेल्या, त्या काळी हा प्रश्न कुणाला सुचलाच नाही; म्हणून संस्थेकडे त्याचे उत्तर तयार नसते. आपण मागितल्यावर ते तयार करावे लागेल.

प्रश्न : नेतृत्वाच्या प्रत्येक शिबिराला मला पाठवतात, दोन ज्येष्ठ मार्गदर्शकही दिले आहेत, पण आंतरराष्ट्रीय पद दर वेळी दुसऱ्यालाच मिळते. माझे काय चुकते? – एक वाचिका

उत्तर : आपल्या पत्रावरून तरी आपले काही चुकते, असे मला वाटत नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासक हर्मिनिया इबार्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेमके हेच मांडले होते की, स्त्रियांना मार्गदर्शन भरपूर मिळते, पण आपले वजन खर्च करून त्यांचे नाव पुढे रेटणारे कोणी नसते. सल्ला देणारा आपल्याशी बोलतो. आपल्याला हवा आहे तो आपण खोलीत नसताना आपल्याविषयी बोलणारा. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदासाठी २०१६ मध्ये १३ उमेदवार रिंगणात होते आणि त्यांत ७ स्त्रिया होत्या, म्हणजे नावांचा तुटवडा मुळीच नव्हता. सुरक्षा परिषदेने शिफारस केली ती अंतोनिओ गुतेरस यांची, आणि त्या पदावरचे पहिले नऊही जण पुरुषच ठरले.

आपल्या दोन मार्गदर्शकांपैकी ज्यांना निवडीच्या बैठकीत प्रवेश आहे, त्यांना वेळ मागून भेटावे आणि ‘पुढच्या बैठकीत माझे नाव आपण मांडाल का?’ असे सरळ विचारावे. त्यांनी आढेवेढे घेतले, तर कारण विचारून घ्यावे, आणि पुढच्या शिबिराचे आमंत्रण आले की ते दिवस आपल्या कामाला ओळखणाऱ्या, मतदानाचा अधिकार असलेल्या दुसऱ्या कुणाला गाठण्यासाठी वापरावेत.